हिरव्या बटणावरची टेप

कारेगाव

दाजी, रामराम.

ऋतिका एव्हाना न्हावऱ्याला पोचली असंल, आन् मामानं कंपनीत सगळ्यांसमोर हातावर फटका मारला म्हणून रडली असंल. मारला, खरं हाय. भाचीवर हात उगारू न्हाई, एवढं कळतंय मला. पर तिनं पत्रा दाबायच्या प्रेसचं एक बटण टेपनं दाबून बसवलं हुतं. एक हात मोकळा ऱ्हातो, टार्गेट लवकर हुतं. "मामा, सगळेच करत्यात," म्हणली.

दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याबिगर प्रेस खाली येत न्हाई, मग त्या दिवशी माझ्या हातावर आली कशी, असं तुम्ही वरीसभर येईल त्याला इचारताय. मी दर खेपंला म्हणतो, मशीनच खराब हुती, आन् चहा तसाच टाकून उठतो.

दाजी, तुमच्या आधीच्या शिफ्टला तिथं मी हुतो. टेप माझी. घरी जायच्या घाईत काढायची ऱ्हायली. बटण हिरवं, टेप बी हिरवी, तुमच्या ध्यानात आलं न्हाई. अडकलेला पीस काढायला तुम्ही उजवा हात आत घातला, आन् डावा दुसऱ्या बटणावर टेकला. तुमची आरोळी ऐकून मी गेटातनं माघारी पळालो. सगळी तुमच्याकडं धावली. मी आधी टेप काढली, मग तुम्हाला धरलं.

फोन तिसऱ्यांदा वाजतोय. तुमचाच हाय. पोरीला का मारलं, इचाराल.

काय सांगू, मशीन खराब हाय?

तुमचा मेव्हणा,
भारत