एकशे बाराव्या पानाच्या पुढं

वैनी,

सेलूची एसटी यायलीय, म्हणून घाईत लिहायलेय. रागावू नका, तुमच्या पेटीतली कादंबरी मी न विचारता काढली आन् एका दमात संपवली. लय भारी हाय! त्यातली पोरगी सासरी जाती, पण तिची सावली माहेरच्या विहिरीपाशी त्या जायच्या दिवसातच अडकून राहती. एका पोराचा त्या सावलीवरच जीव जडतो! अन् सावली कशी, तर नव्या नावाला ओच देत न्हाई. पुढचं सांगणार न्हाई.

तुमी एकशे बाराव्या पानाचा कोपरा मुडपलाय, तिथं लग्नातल्या हळदीचं बोट उमटलंय. म्हंजी तुमच्या लग्नापासून तीन वर्षं ती पोरगी विहिरीपाशीच उभी हाय!

आज पुढं वाचाच. भाकरी थापून ठेवल्यात, वरणाला फोडणी दिलीय. आई मावशीकडं गेलीय, चारच्या आत येत न्हाई.

पहिल्या पानावर तुमचं माहेरचं नाव बघितलं. दादानं ताटातल्या तांदळात दुसरं नाव लिहिलं, तवा सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या होत्या.

सांजच्याला दारातूनच पहिल्या पानावरच्या नावानं हाक मारीन, ‘सृष्टीवैनी’ म्हणून. ओ द्या.

शिवकन्या