मेजरसाहेबांनी न चाखलेली डाळ

आबा, गेल्या आठवड्यात घरी एक माणूस येऊन गेला. तो ज्या खुर्चीत बसला होता ती मी ओल्या फडक्याने पुसली, मग उन्हात ठेवली, तरी मला तिच्यात बसवत नाही. अशी शिसारी मला आयुष्यात फार कमी वेळा आलीय. तुम्ही मला चौथीपर्यंतच शिकवलंत, तेव्हा मी बोलते तसंच लिहिणार. तुम्हीही ऐकल्यासारखं वाचा. आणि आधी गोड सांगते, कारण ते पोटात मावत नाहीये. तुमची पणती फौजेत मेजर आहे. हो, पणतीच, माझ्या मुलाची मुलगी. ज्या फौजेत तुम्ही वर्षानुवर्षं भाकऱ्या थापल्यात, तिथे आता तिला माणसं सलाम ठोकतात. तुम्ही असतात तर स्वारगेटला प्रत्येक एसटी थांबवून कंडक्टरला सांगितलं असतंत. ते काम मी इथे बिबवेवाडीत करते. भाजीवाला, गिरणीवाला, लिफ्ट दुरुस्त करायला येतो तो, कुणाला सोडत नाही. मागे एकदा ती फोनवर सहज बोलून गेली की यंदा बढतीला माझं नाव आहे, तर मी त्याच संध्याकाळी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. सूनबाई म्हणाली, "अहो आई, अजून झाली नाहीये." मी म्हटलं, "होईल की. तोवर पेढे थोडेच टिकणारेत!"

तर ही पोरगी मध्येच रजा काढून आली. एरवी आली की आधी डबे उघडून बघते, लाडू कुठे, चिवडा कुठे. या वेळी आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी पोळ्या करत राहिले. जेवताना तिनेच सांगितलं. ती तिकडे वर डोंगरात असते, चौक्यांवर धान्य-रॉकेल नेणाऱ्या गाड्या तिच्या हाताखाली. एका सकाळी एक ड्रायव्हर तिच्यापाशी येऊन म्हणाला होता, "मॅडम, सलग गाडी चालवतोय, झोप नाही, डोळे मिटतायत. आज मला नको." ही म्हणाली, "माल पोचायलाच हवा. चल." आणि वळणावर गाडी खाली गेली. ड्रायव्हर वाचला, पण एक पाय गेला. आता चौकशी बसलीय आणि जो तो म्हणतोय की ड्रायव्हरने वळण चुकवलं. तो हिला काय म्हणाला, ते ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. तो स्वतः गप्प आहे, त्याचं कोण खरं मानणार? ही बोलली तर बढती गेली, वर ठपका. ही बोलली नाही तर दोष त्याच्या माथी, आणि पायापाठोपाठ त्याच्या घरातलं अन्नही जाणार.

"मग तू काय सांगणारेस?" तिच्या बापाने विचारलं.

"जे झालं तेच." ती म्हणाली. "बाबा, आता मी गाड्या सुटायच्या आधी सगळ्यांना विचारते, कोण झोपलं नाही. सगळ्यात नवीन माणसाला आधी विचारते, कारण जुने बोलून बसले की तो बोलत नाही. हे मला कुठून कळलं, ते माझ्या जागी येणाऱ्याला सांगायला नको? नाहीतर तोही पाय मोडूनच शिकेल. स्वतःचा नाही, दुसऱ्याचा."

आबा, मला वाटलं उठावं आणि तिची दृष्ट काढावी. पण तुमच्या नातवाने पोळी खाली ठेवली. "घाई करू नकोस," म्हणाला. "मी एका सरांना बोलावतो. या विषयातले आहेत."

आता हे सर कोण ते ऐका. तुमच्या नातवाच्या कंपनीतल्या लोकांना वर्षातून एकदा मुळशीकडे कुठेतरी नेतात आणि हे सर त्यांना फौजेतल्या मेजर-कर्नलांसारखं वागायला शिकवतात. हिशेब लिहिणारी पोट सुटलेली माणसं चिखलात सरपटतात, दोरीला लोंबकळतात, ओरडतात आणि मग जेवायला पनीर असतं. तिथून आला की हा घरात महिनाभर 'मिशन' म्हणतो. दूध आणायचं मिशन. असो. सर आले. डोक्यावर हिरव्या ठिपक्यांची टोपी, घरात आल्यावरही काढली नाही. मी पाणी देताना विचारलं, "आपण कुठल्या पलटणीत होतात?" तर म्हणाले, "मी स्वतः नव्हतो काकू, पण मी अनेक कमांडर्सचे अनुभव अभ्यासलेत." म्हणजे लग्नाला न जाता पंगतीतल्या मठ्ठ्याची चव सांगणारा.

साबुदाणा वडे केले होते. या माणसाने वडा चटणीच्या वाटीत बुडवला, चावला आणि तोच उष्टा वडा पुन्हा त्याच वाटीत बुडवला. सगळ्यांच्या वाटीत! सूनबाईने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग खिशातून स्वतःच्या नावाचं कार्ड काढून त्याच्या कोपऱ्याने दात कोरले, आणि तेच कार्ड तुमच्या पणतीला दिलं. तिने ते टेबलावर ठेवलं, हात मांडीवर पुसला.

"हे बघा," सर म्हणाले, "खोटं बोला असं मी म्हणतच नाहीये. विचारतील तेवढंच सांगायचं. नॅरेटिव्ह आपल्या हातात ठेवायचं. तुमच्यासारखी लेडी ऑफिसर वर जाणं देशासाठी जास्त महत्त्वाचं. ड्रायव्हर काय..." आणि वडा तोंडात गेला.

"ड्रायव्हर काय?" तिने विचारलं.

सर चावत राहिले. आणि तुमचा नातू नंदीबैलासारखी मान हलवत होता. आबा, परक्याची किळस आली तर खुर्ची पुसता येते. आपल्या पोटच्या पोराची मान तशी हलताना पाहून जे आलं, ते कशाने पुसायचं?

तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, यांना पणजोबांची डाळीची गोष्ट सांग ना."

मग मी सांगितली. सांगताना मी तिथे नव्हतेच. मी सहासात वर्षांची आहे, आपण छावणीच्या लायनीतल्या एका खोलीत राहतो, आणि तुमच्या अंगाला कायम फोडणीचा वास असतो. पलटणीच्या मोठ्या पितळी पातेल्याची कल्हई उडालीय. तुम्ही मागून मागून थकलात. आज करू, उद्या करू. त्यात चिंचेची डाळ राहते आणि पितळेने कळकते, विषारी होते. जवानांच्या ताटात पडायच्या आधी साहेबाने घास चाखायचा, असा नियम. त्या दिवशी मेजरसाहेबांकडे पाहुणे असतात. ते दारातूनच हात करतात, "चाखली, वाढा." संध्याकाळपर्यंत माणसं ओकून ओकून आडवी होतात. आई चुलीपुढे रडतेय, की आता नोकरी जाणार, कैद होणार. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलेले, आणि मी तुमच्या पाठीवर हात ठेवते तर पाठ गार लागते. दुसऱ्या दिवशी वरचे साहेब येतात. सगळी पलटण उभी. आणि मेजरसाहेब पुढे होऊन बोलतात. ते तुम्ही पुढे जन्मभर ताठ उभे राहून, त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचात: "डाळ मी चाखली नव्हती. चाखली म्हणालो, ते खोटं. स्वयंपाक्याने कल्हई मागितली होती, ती मी करवून दिली नाही. दोष माझा." कुणी सांगितलं होतं त्यांना बोलायला? तुम्ही तर एक शब्द काढला नसतात.

मेजरसाहेब पुढे मेजर म्हणूनच निवृत्त होऊन घरी गेले. तुमची नोकरी राहिली. तिच्या पुंजीवर पुढे तुमची स्वारगेटची खानावळ उभी राहिली, आणि खानावळीवर आम्ही सगळे. तिथे पहिलं ताट वाढायच्या आधी तुम्ही गिऱ्हाइकांसमोर उभे राहून प्रत्येक पातेल्यातला घास खायचात. एकदा मी घाईत न चाखता आमटी वाढली, तर तुम्ही भरल्या पंगतीत ओरडलात, "चाखल्याशिवाय वाढलंस? लोकांची पोटं काय वाटेवर पडलीत?" मी दोन दिवस बोलले नव्हते तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला एक लहानसा पितळी चमचा आणून दिलात, चाखायचा. अजून आहे. वाकलाय, पण आहे.

गोष्ट संपली तसे ते सर टाळ्या वाजवायला लागले. "काकू, वा! हे मी माझ्या सेशनमध्ये घेतो. फक्त शेवट थोडा बदलू. मेजरला लगेच बढती मिळाली असं दाखवू. काय आहे, लोक पैसे भरून येतात, त्यांना निराश पाठवून चालत नाही."

आबा, कळकलेली डाळ बरी. ती निदान ओकून टाकता येते.

मी म्हटलं, "आपला चहा झाला का?"

"हो, झाला."

"मग आपण निघा. टोपी डोक्यावरच आहे, विसरायची भीती नाही."

ते गेल्यावर तुमचा नातू माझ्यावर घसरला. "आई, घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात?" मी म्हटलं, "तू ज्या अन्नावर वाढलास ना, ते एका माणसाच्या गेलेल्या बढतीतून आलंय. आणि तू पोरीला ड्रायव्हरच्या आड लपायला सांगतोस?" मग हळूच म्हणाला, "मला तिची काळजी नाही का वाटत? तुझं काय जातंय बोलायला? आणि पेढे तर तूच वाटून बसलीस ना? उद्या लोकांना काय सांगणारेस?" मी आत जाऊन चटणीची वाटी घासली, उगाच खूप वेळ घासली.

परवा सकाळी ती निघाली. विश्रांतवाडीला एका मैत्रिणीला भेटून तशीच विमानतळावर जाणार होती. बापाने बॅग खाली नेली. लिफ्टपाशी विचारलं, "सांगणारच का?" ती म्हणाली, "हो, बाबा." तो लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

काल संध्याकाळी फोन आला. "आजी, सांगितलं." एवढंच. पुढे तिचं काय होईल, ते तिलाही माहीत नाही. ड्रायव्हरची बायको तिथे बाहेर बाकावर बसली होती म्हणे, ती हिच्याशी बोललीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. आज भाजीवाल्याने विचारलं, "काय आजी, झाल्या का कर्नल?" मी म्हटलं, "कोथिंबीर दे आधी, शिळी नको."

हे पत्र कुठे टाकायचं? तुमच्या गावाला पोस्ट नाही. तूरडाळीच्या डब्याखाली ठेवीन, तिथे कुणी हात घालत नाही. पण एक सांगायचं राहिलं. परवा निघताना मी तिच्या तळहातावर दही घातलं. मनात सगळं तयार होतं, मेजरसाहेबांसारखं ठणठणीत बोल, असं म्हणणार होते. आणि तोंडातून काय निघालं? "जरा जपून बोल गं बाई." तिने दही चाटलं, माझ्याकडे बघितलं आणि हसत म्हणाली, "आजी, आंबट झालंय हे."

मी चाखलं नव्हतं, आबा.