टीव्हीवर न दाखवलेलं पारितोषिक

२ एप्रिल, बुधवार

नाही म्हणजे नाही! मुक्ताच्या पारितोषिक समारंभाचे दोन पास आलेत म्हणून काय झालं? लेकीने पाठवलेत तिच्या आईला. मला बोलावलंय कुठे? सुलू म्हणाली, "मग दुसरा पास काय शेजाऱ्यांसाठी आहे?" शेवटी एकटीच गेली मुंबईला. लेकीसाठी भैरवगढची छापील चादर, शेव, लोणचं. माझ्याकडून काही नाही.

५ एप्रिल

मिळालं! मुक्ताला मिळालं! मालिकेच्या पार्श्वसंगीताचं पारितोषिक. सुलूचा फोन आला, मागे नुसता गोंगाट. विचारलं, "स्टेजवर काय बोलली?" तर म्हणे, "पुढच्या रविवारी टीव्हीवर आहे, बघा."

सहा वर्षं झाली तिचा आवाज ऐकून. इंदूरची नोकरी सोडून निघाली तेव्हा मीच ओरडलो होतो — पेटी शिकवली ती सिनेमावाल्यांच्या मागे वाजवायला नाही, जातेस तर फोनही करू नकोस! पोरगी माझ्यावरच गेलेली. नाही केला. आईशी रोज बोलते, सुलू मोबाईल कानाला घट्ट लावून ऐकते, आणि मी शेजारी, हॉलच्या त्याच जुन्या कुरकुरत्या पंख्याखाली बसून पेपरातली एकच ओळ वाचत राहतो.

१३ एप्रिल, रविवार

चार तास! शेजारचे भय्यासाहेबही आले होते. नाच, फालतू विनोद, जाहिराती, परत नाच. गायक झाला, गायिका झाली, गीतकार झाला. मुक्ता नाहीच. भय्यासाहेब म्हणाले, "अहो, बॅकग्राउंडवाल्यांचे अवॉर्ड तर पहिलेच वाटून टाकतात. टीव्हीवर थोडीच दाखवतात!"

एकदाच, तिसऱ्या रांगेत, सुलूची हिरवी साडी दिसली. बाजूला मुक्ता, तोंड पलीकडे वळवलेलं. केस कापलेत. कधी कापले?

सुलूला पुन्हा विचारलं, काय बोलली गं? "तिलाच विचारा," म्हणाली आणि कॅलेंडरवर नंबर लिहून ठेवला.

काय बोलली ते राहू दे. आवाज ऐकायचाय मला. फार आठवण येते.

१४ एप्रिल

सुलू भाजी आणायला गेली तेव्हा फोन लावला. निवृत्तीनंतरचा माझा नंबर मुक्ताकडे नाही. "हां जी, कौन?" — तोच आवाज! मी नुसता फोन कानाला घट्ट धरून, वर पंखा कुरकुरतोय. ठेवणारच होतो.

 मग म्हणाली, "बाबा, हॉलच्या पंख्याला अजून तेल घातलं नाही?"