घड्याळवाल्यांनी दिलेलं झाड

३ मार्च

चि. धाकटी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र नाही, फोन नाही, म्हणजे रोपवाटिकेत कलमांची गर्दी असणार. कामाचं एक विचारते. वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले, ज्यांच्या गच्चीवर मी संध्याकाळी पाणी घालायला जाते, त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी माझ्या दारात एक कुंडी आणून ठेवली. नाव विचारलं तर म्हणाले, आधी वाढवून बघा.

झाड काटेरी आहे, आणि वाढतंय म्हणजे किती? आल्या दिवसापासून खिडकीच्या गजांशी झटतंय. एका देठावर सात पानं, कडेनं कातरलेली. मातीलगत बोटभर वाळकं लाकूड आहे आणि फांद्या त्याच्या खालून येतात. फूल नाही. एक पान सोबत ठेवलंय, ओळखून कळव.

तुझा दादा रविवारी आला होता. झाड बघून म्हणाला, रानटी दिसतंय, टाकून दे, नाहीतरी या महिन्यात तू आमच्याकडे येणार. मी येणार हे मलाच त्याच्याकडून कळलं. कुंड्यांना तिकडे जागा नाही म्हणे. मी त्याला चहा दिला आणि गप्प बसले, पण माझं गप्प बसणं तुला ठाऊक आहे.

तब्येत सांभाळ. आठवण येते.
तुझी आई

११ मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

पानाचा चुरा झाला होता, तरी ओळखलं. हा रानगुलाब. आम्ही याला खुंट म्हणतो. याच्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरतात, म्हणजे त्याचं कलम करतात. ते वाळकं लाकूड म्हणजे तो चांगला गुलाब. तो मेला आणि खालचा खुंट फुटला. आमच्याकडे अशी फूट दिसली की लगेच छाटतात. फूल आलंच तर पाच पाकळ्यांचं, पांढरं, ज्याला कोणी भाव देत नाही. पाणी फुकट घालवू नकोस. घड्याळवाल्यांना विचार, गिऱ्हाइकांना घड्याळंही अशीच परत देतात का.

आई, दादाचा फोन आला होता. तुझ्या खोलीसाठी त्याने भाडेकरू बघितलाय. रोज गच्चीवर जाऊन बसतेस म्हणून लोक बोलतात, असं म्हणाला. मला ते आवडलं नाही, पण तुझे गुडघे आणि तो जिना बघता मलाही वाटतं, जावंस. राग मानू नकोस.

लोभ आहे तसा राहू दे.
तुझी धाकटी

२२ मार्च

चि. धाकटी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, राग धरूनच.

तुझं पत्र घेऊन तशीच जिना चढले, त्याच गुडघ्यांनी. घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि म्हणाले, मला माहीत होतं. बायको आजारी असताना त्यांनी तो लाल गुलाब आणला होता. ती गेली, मग उन्हाळ्यात तोही गेला. उपटायला बसले तर खालून हिरवं दिसलं, हात चालला नाही. नाव सांगितलं की जो तो उपटा म्हणतो, म्हणून मला न सांगता दिलं. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. मग तिथेच बसले.

आता याचा माझ्याशी संबंध जोडून रडू नकोस. मी झाड नाही, मला तोंड आहे. ते मी रविवारी वापरलं. दादा टेम्पो घेऊन आला होता. मी एक वाटीसुद्धा बांधली नव्हती. लोक बोलतात म्हणाला, तर म्हटलं, त्यांना वर पाठव, गच्चीवर बसायला जागा आहे. टेम्पो रिकामा गेला. चहा मात्र पिऊन गेला, म्हणजे येईल ताळ्यावर.

झाड मी मोठ्या पिंपात लावलंय. दोघांनी धरलं तरी हलणार नाही. आणि सरळ सांगते, आम्ही दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. तुझ्या बाबांबरोबर मी सुखात होते, त्यातलं काही खोटं झालेलं नाही. पण संध्याकाळी गच्चीवरून खाली यायला माझा पाय निघत नाही. या वयात हे लपवत बसायचं मला जमणार नाही, आणि लाजही वाटत नाही. ते माझ्या खोलीत राहायला येतील, वर दुकान राहील.

नोटीस दिलीय, महिना झाला की पहिल्या गुरुवारी साडेदहाला नोंदणी आहे. साक्षीदार कमी पडतोय. तुझी परवानगी मागत नाहीये, सही मागतेय.

आलीस, तर लोभ आहे असं धरीन.
तुझी आई