स्तामेंकाची गोळी आणि व्हिएन्नाची बाटली

झायेचार, मे महिन्यातला रविवार

प्रिय यागोदा,

भाऊजींचा नमस्कार घे, आणि मी वयानं मोठा म्हणून आशीर्वादही घे. दोन्हींना टपालखर्च तेवढाच. तुझे गुडघे कसे आहेत? व्हिएन्नात तू जिला सांभाळतेस ती म्हातारी अजून तुलाच चोर म्हणते का? आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो.

तुझ्या बहिणीला हाशिमोटो निघाला तेव्हा डॉक्टर नेवेनानं आम्हाला समजावलं होतं की शरीराचे शिपाई आपल्याच गळ्यातल्या थायरॉइडला शत्रू समजून बडवत सुटलेत. (आम्हा बाल्कनातल्या माणसांना एवढं सांगितलं तरी पुरतं.) ग्रंथी दमली, म्हणून तिचं काम करणारी पांढरी गोळी रोज सकाळी अनशापोटी घ्यायची, जन्मभर, आणि गोळीनंतर अर्धा तास कॉफी नाही. 'जन्मभर' स्तामेंकानं निमूट ऐकून घेतलं, पण 'कॉफी नाही' म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. शेजारची रुझा उजाडताच कॉफीला येते हे तुला माहीतच आहे. मग रोज सकाळी रुझा कॉफी उकळायच्या जेझ्वेकडे बघायची, स्तामेंका घड्याळाकडे, आणि दोघी मिळून माझ्याकडे, जणू हा रोग मीच लग्नात आंदण आणला. (रोग तुमच्या माहेरचा आहे. तुमच्या आईलाही तोच होता, आणि तुलाही आहे.) अशातच तुझी सेलेनियमच्या कॅप्सुलांची बाटली आली.

तुझ्या हेतूबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. आपल्या मातीत सेलेनियम कमी, मग अंगात कुठून येणार, हे तू फोनवर म्हणालीस, रुझानं ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाला आपल्या मातीनं दगा दिल्याचं कळलं. सेलेनियमपाठोपाठ जस्त आलं, आणि मग ब्राझीलच्या त्या जाडजूड बिया. त्यांत सेलेनियम ठासून भरलेलं असतं म्हणे. माझ्या गळ्याला काही झालेलं नव्हतं, पण डोक्यावरचे केस परत येतील या आशेनं मी त्या रोज संध्याकाळी बशीभर खाल्ल्या, कडक रकियाच्या घोटांबरोबर. पुढे तोंडाला लसणाचा वास यायला लागला, नखांचे पापुद्रे सुटले, आणि होते तेवढे केसही उशीवर राहिले. डॉक्टर नेवेना म्हणाली, याला विषबाधा म्हणतात. स्तामेंका हसून हसून रडली. तिचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

मग स्तामेंकानं रक्त तपासून घेतलं. सगळं नाही, बाटलीबरोबरच्या कागदावर अँटिबॉडीचं, म्हणजे त्या बडवणाऱ्या शिपायांचं, लिहिलं होतं, म्हणून खाजगी प्रयोगशाळेत तेवढंच. आकडा निम्म्यावर आला होता. मी कोकरू भाजलं, रुझा तिची चीज भरलेली पिटा घेऊन आली, आम्ही त्या आकड्याच्या नावानं पेले उचलले. त्याच जेवणात स्तामेंकानं सहज सांगितलं की पांढरी गोळी तिनं केव्हाच सोडली आहे. का, म्हणून मी विचारलं.

"गोळी घेतली की मी आजारी बाई," ती म्हणाली. "यागोदाचं हे घेतलं की स्वतःची काळजी घेणारी बाई. आईनं ती पांढरी गोळी जन्मभर घेतली, शेवटी मेलीच ना?"

तुमची आई नव्वदीला टेकून गेली होती, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी पिटाचा दुसरा तुकडा घेतला.

हिवाळ्यात ती शेगडीला चिकटली. पाय सुजले, चेहरा फुगला. रुझा म्हणाली, बाई भरली, छान दिसते. आमच्या कुळाच्या संताच्या, निकोलाच्या दिवशी घरात पाहुणे, उपासाचा मासा ताटात, पाद्री पाव कापायला उभा, आणि यजमानीण खुर्चीत झोपलेली. पाद्रीबाबांनी प्रार्थना कुजबुजून उरकली. (त्यांनाही पुढच्या घरी जेवायचं होतं.) जानेवारीत एका सकाळी ती उठेना. हात लावला तर अंग थंडगार, तळघरातल्या दगडासारखं. रुग्णवाहिकेत तिनं डोळे किलकिले केले, मला तुमच्या वडिलांच्या नावानं हाक मारली आणि गवत आत घेतलं का म्हणून विचारलं. घेतलं, असं मी सांगितलं. दुसरं काय सांगणार?

हृदयाभोवती पाणी साचलं होतं. नेवेना बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"सेलेनियमनं कागदावरचा आकडा उतरवला असेल," ती म्हणाली. "पण आकडा उतरला म्हणून दमलेली ग्रंथी कामाला लागत नाही. गोळीच्या जोडीला घेतलं असतं तर मी काही बोलले नसते, राडोमिर. तिनं ते गोळीच्या जागी घेतलं."

शेजारच्या खाटेवरची बाई, तोच आजार, तेच दुखणं, तिसऱ्या दिवशी गेली. तिचे लोक तिच्या चपला न्यायला विसरले. स्तामेंका वाचली. जिना चढताना आता मध्ये बसते, नावं विसरते, पण घरी आली.

आणि घरी आल्यावर पांढरी गोळी पुन्हा तोंडात धरेना. मग मी तुझी बाटली उघडली, एकेक कॅप्सूल सोडवली, आतली पूड मोरीत झटकली आणि त्यात पांढरी गोळी घातली. जन्मभर बसचं स्टिअरिंग फिरवलेले हात ते, अर्ध्या कॅप्सुला चिरडल्या. ती तुझं नाव घेऊन आनंदानं गिळायची. आणि मग परवा टेबलाशी बसून तिनं बाटली स्वतःकडे ओढली.

"तू फार सांडतोस," म्हणाली. "आजपासून मी भरते."

आता पांढरी गोळी तीच आत भरते, तीच गिळते. रुझाला उशिरा यायला सांगितलंय. ती नाराज आहे, पण येते.

तुझा,
राडोमिर

ता. क. बाटल्या पाठवत राहा, पण आतलं ओतून टाकून नुसत्या कॅप्सुला पाठवल्यास तरी चालेल.

ता. क. २. वरचं सगळं प्रस्तावना समज. हे पत्र मला स्तामेंकानं लिहायला बसवलंय. गेल्या रविवारी तुझा फोन ठेवल्यापासून ती कागद-पेन घेऊन माझ्या मागे आहे. तूही पांढरी गोळी सोडून नुसती बाटलीवर आहेस, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पत्र मिळताच जाऊन रक्त तपासून घे, सगळं, नुसत्या अँटिबॉडी नाहीत. नाही गेलीस तर बहीण बसनं व्हिएन्नाला निघेल, आणि तिचं हृदय तेवढा प्रवास झेलणार नाही. तिचेच शब्द देतो: "यागोदा किती संथ बोलायला लागलीय बघ. मीही अशीच बोलत होते, आणि तुम्ही सगळे म्हणत होतात, स्तामेंका आता किती शांत झाली."