रिकामी खुर्ची पुराव्यात धरणेबाबत

प्रति,
मा. ज्येष्ठ छाननी अधिकारी (श्रीमती हार्ग्रीव्ह्ज),
आप्त प्रवेश कक्ष,
दक्षिण ऑकलंड.

विषय : सख्ख्या बहिणीस कायम वास्तव्यासाठी न्यूझीलंडमध्ये येऊ देणेबाबत (फेरविचारार्थ तिसरा अर्ज).
संदर्भ : "नाते सिद्ध होत नाही" असे कळवणारे आपले पत्र.

महोदया,

मी, सेमिसी हुफांगा, राहणार मांगेरे, व्यवसाय बसचालक, आपणांस सविनय कळवितो की माझी थोरली बहीण सिआले टोंगातील वावाउ बेटावर एकटी राहते. तिचे यजमान गेल्या वर्षी मासेमारीला गेले ते परतले नाहीत. तिला मूलबाळ नाही, कंबर कायम धरलेली असते आणि पावसाच्या टाकीपासून घरापर्यंत बादली आणताना वाटेत टेकावे लागते. तिला माझ्याकडे आणावे एवढीच माझी मागणी आहे. आम्हा दोघांचे जन्मदाखले खरे असल्याचे आपणही मान्य करता. परंतु नाते "प्रत्यक्ष चालू असल्याचे" दिसत नाही म्हणून आपण अर्ज फेटाळलात. त्याबाबत माझे म्हणणे खालीलप्रमाणे.

१. आपण आमचे एकत्र छायाचित्र मागितले. आम्हा टोंगाच्या लोकांत भाऊ वयात आला की बहीण असेल त्या खोलीत तो बसत नाही. ती आत आली की त्याने उठायचे आणि बाहेर पडायचे. हा तिचा मान आहे, आणि मिसरूड फुटल्यापासून आजतागायत मी तो पाळला आहे. म्हणून त्यातल्या त्यात उत्तम छायाचित्र मी जोडले होते : वडिलांच्या घरची बैठक, मधोमध सिआले आणि उजव्या हाताला रिकामी खुर्ची. ती खुर्ची माझी आहे. शेजारचा कप पाहावा, चहा अर्धाच प्यायलेला आहे. आमच्यापैकी कोणालाही हे छायाचित्र दाखवा, तो म्हणेल की भाऊ चांगल्या वळणाचा दिसतो. आपण त्यावर "अर्जदार अनुपस्थित" असा शेरा मारलात.

२. आपण गावकऱ्यांची पत्रे मागवलीत. आमचे पाद्री मोआला यांनी भर देऊन लिहिले की या दोघांना मी जन्मात कधी एका छपराखाली पाहिलेले नाही. शेजारणीने लिहिले की बहीण समोरून येताना दिसली तर सेमिसी वाट बदलतो. एवढे कौतुक आमच्या गावात आजवर कोणाच्या वाट्याला आलेले नाही. पाद्रीबाबांनी ती पत्रे धाडण्यापूर्वी चर्चमध्ये वाचून दाखवली आणि सिआलेला भरून आले, असे कळते. आपण ही सर्व पत्रे विरुद्ध बाजूचा पुरावा म्हणून फाइलला लावलीत.

३. फोनबाबत. सिआले फोन करते तो माझ्या पत्नीला, कालेसिताला. तिला कुठे दुखते, इकडून काय पाठवायचे, मी जेवलो की नाही, सगळे कालेसितामार्फत येते-जाते. ती वैतागून म्हणते, "अहो, नातं तुमचं आणि हमाली माझी." आपल्या कार्यालयाने फोनच्या नोंदी तपासून निष्कर्ष काढला की खरे नाते या दोघींचेच आहे, सबब पत्नीने अर्ज करावा. पत्नीने केला. नणंद या प्रवर्गात बसत नाही, असे उत्तर आले.

४. नंतर आपण पडद्यावर मुलाखत ठेवलीत. पडद्यावर बहिणीचा चेहरा उमटताच मी उठून बाहेर गेलो. तिकडे तिला माझा खांदा दिसला असावा, तीही उठून गेली. आपण बराच वेळ दोन खुर्च्यांना प्रश्न विचारत राहिलात. शेवटी दारात येऊन म्हणालात, "मिस्टर हुफांगा, तुम्हाला बहीण हवी आहे ना?" मी म्हणालो, "हवी आहे बाई, म्हणून तर बाहेर उभा आहे." हे वाक्य आपल्या अहवालात नाही. तिथे "असहकार" एवढाच शब्द आहे.

५. मला कोणाची चहाडी करावयाची नाही. परंतु आमच्या आगारातील एका गृहस्थाने बहीण म्हणून दाखवलेल्या बाईचा अर्ज पंधरवड्यात मंजूर झाला. त्याने समुद्रावर तिच्या गळ्यात हात टाकलेले फोटो ढिगाने दिले होते. आमच्यात असे फोटो पाहून लोक लग्नाची तारीख विचारतात.

६. आपण समक्ष सुचवलेत की दोघांचा जवळ बसलेला एक फोटो आणा, काम होऊन जाईल. मी रजा काढून पत्नीसह वावाउला गेलो. अंगणात नुसता बसून राहिलो, असले बोलणे तोंडातून निघेना. शेवटी कालेसिताने आत जाऊन सांगितले. मग मला ऐकू जावे म्हणूनच सिआले मोठ्याने बोलली : "कालेसिता, त्याला सांग, मुकाट्यानं बाकावर येऊन बस. थोरली बहीण सांगतेय म्हणावं. दोष लागला तर तो माझ्या माथी." बहिणीचा शब्द आमच्यात मोडता येत नाही. मी बसलो. ती येऊन बसली. मध्ये कालेसिताने कोनफळांची टोपली ठेवली. तिच्या डोक्याच्या तेलाचा वास मला आला. लहानपणी ती मला कडेवर घेऊन हिंडायची, त्यानंतर तो मी कधी घेतलेला नव्हता. मला रडू आले. सरकारी अर्जात असे लिहावे लागत आहे, याबद्दल क्षमस्व.

तो फोटो मी सादर केला. आपला शेरा : "दोन्ही व्यक्ती एकमेकांकडे पाहत नाहीत. परक्या असाव्यात."

महोदया, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी माझी मुलगी लेसिएली हिचे लग्न आहे. आमच्यात नवरीची आत्या सर्वांत वरच्या जागी बसते. मानाची पहिली चटई तिची, केकचा सर्वांत वरचा मजला तिचा. आत्या नसेल तर मी लग्नाला उभी राहणार नाही, असे मुलीने बजावले आहे. मी तिला रागावलो नाही, कारण तिचे बरोबर आहे.

सबब विनंती की सिआलेस लग्नापूर्वी येण्याची व नंतर माझ्या घरी राहण्याची परवानगी मिळावी. ती आली की मी मागच्या खोलीत राहीन, तशी तयारी झालेली आहे. ती माझी बहीण नाही असे आपण ठरवलेच असेल, तर त्या जागी कोणी बसायचे तेही आपणच ठरवावे. कोणी न मिळाल्यास आपण स्वतः यावे. चटई आणि केक आपला. मात्र आपण त्या जागी बसलात की रीतीप्रमाणे मी मांडवातून उठेन आणि मुलीच्या लग्नाची मेजवानी बाहेर उभा राहून ऐकेन.

सिआले आली तरी मी बाहेरच उभा असेन. फक्त तेव्हा आत माझी बहीण असेल.

आपला नम्र अर्जदार
आणि सिआलेचा धाकटा भाऊ,
सेमिसी हुफांगा

मांगेरे, २१ ऑक्टोबर

सोबत :
१. रिकाम्या खुर्चीचे छायाचित्र (आमच्याकडे एवढीच प्रत आहे, कृपया परत करावी).
२. बाकावरील छायाचित्र. त्यातील माझे डोळे पाहावेत.
३. लग्नाची पत्रिका, आपल्या नावाने.