ओल्या हरभऱ्याचा जमादार

अकोला,
९ फेब्रुवारी १९६२

प्रिय सत्यवती,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तीनदा वाचलं. वसतिगृहाच्या कोठाराच्या दोन किल्ल्या तुझ्याकडे आहेत. त्यातली एकच परत मागताहेत, असं लिहितेस. धान्याची तुझ्याकडेच राहील. दूध-दही, भिजवलेली डाळ आणि पाण्याचे माठ असतात त्या खोलीची तेवढी स्वयंपाकीणबाईंना द्यायची. चार मुलींच्या घरून तक्रार आली म्हणे. "आबाजी, एका किल्लीनं काय बिघडतं?" असं विचारून तू खाली सही केलीस, पण ती नेहमीसारखी ठसठशीत नाही.

इथं अंगणातला कडुलिंब पानं गाळून राहिला आहे. पूर्वी या दिवसांत मी वर्गाची दारं उघडी ठेवून कविता चालीवर म्हणायचो, आणि रस्त्यावरचा गाडीवान बैल थांबवून ऐकायचा. अजूनही सकाळी त्याच ओळी ओठांवर येतात. पण आज कविता राहू दे. आज तुला माझ्या आज्याची, पुंजाराम जमादाराची नोकरी सांगतो. ज्याचा पितळी बिल्ला लहानपणी तू फ्रॉकला लावून मिरवायचीस, तोच हा.

पुंजाराम परतवाड्याच्या छावणीत बैलगाडी हाकायला लागला. बैलाची वैरण, पीठ, मीठ, जळण, सगळं वेळेवर पोचवायचा. पुढे गाड्यांचा मुकादम झाला, मग रसद खात्याचा जमादार. तलवार कधी उपसली नाही. लोक चिडवायचे, "अरे जमादार, लढाईत तू काय केलं?" तो म्हणायचा, "तुमी जेवले का नाही? मंग मी लढलो." तेव्हा आपण बौद्ध नव्हतो, महार होतो. तरी पलटणीतले सगळे त्याच्या हातचं धान्य घेत. कोरड्या धान्याला विटाळ नाही, ओल्याला आहे, असा तो हिशेब. जमादार मापानं गहू घालतो तोवर जमादार. त्याच गव्हाला पाणी लागलं की परका.

एकदा कूच चालू असताना पूर्णा नदी ओलांडताना गाड्या कलंडल्या. पीठ वाहून गेलं, हाती राहिले ते भिजलेले हरभरे. पुढचा मुक्काम दोन दिवसांवर. पलटण उपाशी, आणि पोत्यांना कोणी हात लावेना. शेवटी हवालदारानं तोड काढली. म्हणाला, "जमादार, हुद्दा तुमचाच, बिल्ला तुमचाच. तुमी फक्त त्या झाडाखाली बसा. आमचा माणूस वाटून देते." किती गोड बोलला बघ! आजा म्हणाला, "माप माह्या हातातलं हाय. घ्याचं तं माह्या हातून घ्या, नाही तं राहा उपाशी." मग पोतं फोडून सगळ्यांसमोर एक मूठ तोंडात टाकली आणि चावत बसला. तो दिवस गेला, कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर एक म्हातारा शिपाई आला, पदर पसरावा तसा पंचा पसरून उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा. दुपारपर्यंत रांग. शेवटी हवालदारही आला. आज्यानं त्याला माप शीग लावून दिलं.

कूच संपल्यावर तक्रार झाली. बढती गेली ती गेलीच. साहेबानं शेऱ्यात लिहिलं, 'काम उत्तम, स्वभाव हट्टी.' आजा तो कागद येईल त्याच्याकडून वाचून घ्यायचा आणि 'हट्टी' आलं की म्हणायचा, "थांब, ते पुन्हा वाच."

आता जे तुला कधी सांगितलं नाही, ते लिहितो. माझी ती निळ्या फुलांची सुरई तुला आठवते? शाळेत जाताना एखाद्या साहेबासारखी ऐटीत हातात धरून न्यायचो, आणि तू मागे लागायचीस, "मी धरते." तुला सांगितलं होतं की मला थंड पाण्याची आवड. खोटं होतं ते, पोरी. रुजू झालो त्याच आठवड्यात हेडमास्तर हळूच म्हणाले होते, "गुरुजी, वर्ग तुमचाच. फक्त पाण्याच्या माठाला तेवढा हात लावू नका." मलाही वाटलं, एका माठानं काय बिघडतं? बावीस वर्षं सुरई वाहिली. सगळ्या वर्गाला कविता शिकवल्या, पण तहानलेल्या एकाही पोराला माझ्या हातानं पेलाभर पाणी देऊ शकलो नाही. पुंजारामाचा नातू झाडाखाली जाऊन बसला होता, आणि झाडाखाली बसून त्यानं कविता म्हटल्या.

म्हणून हे पत्र. किल्ली देऊ नकोस. कायदा तुझ्या बाजूनं आहे, पण तो नसता तरी मी हेच लिहिलं असतं. तुझ्याही कागदावर 'हट्टी' लिहितील. लिहू देत, मी पुन्हा पुन्हा वाचून घेईन. पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं अमरावतीला तुझ्या वसतिगृहावर येतो. मुलींच्या जेवणाच्या वेळी, पंगतीसमोर, त्या खोलीतल्या माठातलं पाणी मला तुझ्या हातानं दे. सुरई आणणार नाही.

तुझाच,
उशिरा हट्टी झालेला
आबाजी